एका मोटारीचे धनी

जुनें घर विकत घेऊं पाहणारा शहाणा मनुष्य भिंती ठोकून पाहण्याच्या आधीं कागद मागतो. घर कोणीं बांधलें, कोणाकडून कोणाकडे गेलें, मध्यें कोठें गहाण पडलें होतें काय, वारसांच्या सह्या पुऱ्या आहेत काय, हें सर्व पाहून झाल्यावरच तो तुळया आणि छप्पर यांच्याकडे वळतो. कागदांची मालिका मध्येंच तुटलेली असेल, तर घर कितीहि भक्कम असो, त्याचें मोल उतरतें. घरांच्या बाबतींत ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु साधारणतः पंधरावीस वर्षांत मोडींत निघणाऱ्या मोटारगाडीलाहि हाच न्याय लागूं शकतो, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

१४ ऑगस्ट २०१४ रोजीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील कार्मेल या गांवीं, बॉनहॅम्स या लिलाव करणाऱ्या पेढीनें एक तांबडी, दोन आसनांची इटालियन मोटार विक्रीस काढली. त्या वेळीं तिला बावन्न वर्षें होत आलीं होतीं. अखेरची बोली ३ कोटी ४६ लक्ष ५० हजार डॉलरांवर थांबली. तींत पेढीची दलाली मिळवून खरेदीदारास ३ कोटी ८१ लक्ष १५ हजार डॉलर मोजावे लागले. तोंपर्यंत जगांतील कोणत्याहि लिलावांत कोणत्याहि मोटारीला इतकी किंमत आलेली नव्हती.

आतां या गाडीची पूर्वपीठिका पाहिली, तर कोडें अधिकच अवघड होतें. ही गाडी नवी असतांनाच, पहिल्या कांहीं आठवड्यांत, भयंकर अपघातांत सांपडली होती. त्या अपघातांत तिच्या चालकाचा प्राण गेला होता. तीन वर्षांत ती चौथ्या धन्याच्या हातीं गेली, आणि त्या चौथ्या धन्यानें ती घेतली तेव्हां तिचें मोल अवघें कांहीं हजार डॉलर होतें. तिच्यांतील लोखंड, ॲल्युमिनियम, चामडें आणि रबर यांचा हिशेब केला, तर पावणेचार कोटींचें त्यांत कांहींच सांपडत नाहीं. मग ही किंमत कशाची होती? या प्रश्नाचें उत्तर गाडीच्या यंत्रांत अर्धेंच मिळतें. उरलेलें अर्धें तिच्या कागदांत आहे.

प्रथम यंत्राकडे वळणें योग्य होईल. गाडीचें नांव फेरारी २५० जीटीओ, आणि तिच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक ३८५१. इटलींत मोदेना शहराजवळ मारानेल्लो नांवाचें गांव आहे. एन्झो फेरारी यांचा कारखाना तेथला. फेरारी तरुणपणीं स्वतः शर्यतींत गाडी चालवीत. पुढें त्यांनीं आल्फा रोमिओ कारखान्याच्या शर्यतगाड्यांची व्यवस्था पाहिली, आणि १९४७ सालीं स्वतःच्या नांवाची पहिली गाडी रस्त्यावर आणली. २५० हा आंकडा इंजिनाच्या मापाचा आहे. या इंजिनाला बारा सिलिंडर असून प्रत्येकाचें आकारमान सुमारें २५० घनसेंटिमीटर भरतें; म्हणजे सर्व मिळून तीन लिटरांना थोडेंसें कमी. बारा सिलिंडरांना पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण पुरविण्यासाठीं सहा जोड-कार्बुरेटर बसविलेले, म्हणजे प्रत्येक सिलिंडराला आपापलें स्वतंत्र मुख. एरवीं मोटारीच्या इंजिनाखालीं तेलाचें पात्र लोंबत असतें. येथें तेल निराळ्या टांकींत ठेवून तें पात्र उथळ केलें होतें. त्यामुळें इंजिन सांगाड्यांत खालीं बसवितां आलें, गाडीचें नाक बुटकें झालें, आणि वाऱ्याचा अडथळा कमी झाला. शक्ति सुमारें तीनशें अश्वबळ, गिअर पांच, वजन सुमारें एक टन. ताशीं अडीचशें किलोमीटरांच्या वर वेग गाठणें या गाडीला कठीण नव्हतें.

हिच्या आंखणीचें काम जिओत्तो बिझ्झारिनी या अभियंत्यानें सुरू केलें. परंतु १९६१ च्या अखेरीस कारखान्यांत मोठा बेबनाव झाला आणि बिझ्झारिनींसह कित्येक प्रमुख अधिकारी एकदमच बाहेर पडले. अर्धवट राहिलेलें काम माउरो फोर्गिएरी या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या गळ्यांत पडलें, आणि त्यानें तें तडीस नेलें. अंगावरचा पत्रा मोदेन्याच्या सर्जो स्कालिएत्ती यांच्या कारखान्यांत कारागिरांनीं हातानें ठोकून घडविला. हातकामच तें, म्हणून या जातीच्या दोन गाड्या शेजारीं उभ्या केल्या, तर बारकाईनें पाहणाऱ्याला त्यांत फरक दिसल्यावांचून राहत नाहीं.

जीटीओ या अक्षरांतहि एक कथा आहे. ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगाता’ या इटालियन शब्दांचीं तीं आद्याक्षरें. ‘ग्रान तुरिस्मो’ म्हणजे दूरच्या प्रवासास योग्य अशी वेगवान गाडी, आणि ‘ओमोलोगाता’ म्हणजे नियामक संस्थेनें मान्य केलेली. या वर्गाच्या शर्यतींत उतरावयाचें, तर त्या नमुन्याच्या निदान शंभर गाड्या बांधलेल्या असाव्या, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. गाडी खरोखरीच गिऱ्हाइकांसाठीं केलेली आहे, केवळ शर्यत जिंकण्यासाठीं नव्हे, याची ती कसोटी. फेरारी यांनीं १९६२ पासून १९६४ पर्यंत तीन लिटरांच्या अशा गाड्या केल्या अवघ्या ३६. ही नवी गाडी नव्हेच, आधींपासून चालत आलेल्या २५० जीटी गाडीचीच सुधारलेली आवृत्ति आहे, असा त्यांचा दावा होता, आणि तो मान्य झाला. त्या जोरावर या गाड्यांनीं १९६२, १९६३ आणि १९६४ या तिन्ही वर्षीं आपल्या वर्गाचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें.

सांगाड्याच्या क्रमांकांतहि या दाव्याची खूण राहून गेली. मारानेल्लोस त्या काळीं रस्त्यावर चालवावयाच्या गाड्यांना विषम क्रमांक आणि निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम क्रमांक देण्याची वहिवाट होती. ३८५१ हा आंकडा विषम आहे. म्हणजे जी गाडी सर्वांगानें शर्यतीसाठीं जन्मली, तिची जन्मनोंद मात्र प्रवासी गाडी म्हणून झाली. जुन्या वस्तूचे कागद नीट वाचतां आले पाहिजेत, तें यासाठींच.

या गाडीचे पहिले धनी जो श्लेसर हे फ्रेंच शर्यतपटु. १९६२ च्या सप्टेंबरांत गाडी त्यांच्या ताब्यांत आली. श्लेसर यांनीं तिच्यावर आपले देशबंधु आंरी ओरेये यांना जोडीदार म्हणून घेतलें. ओरेये यांचें नांव फ्रान्समध्यें घरोघरीं ठाऊक होतें, परंतु तें मोटारींसाठीं नव्हे. आल्प्सच्या कुशींतील व्हाल दीझेर या गांवीं ते वाढले. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं शत्रूच्या अंमलाविरुद्धच्या गुप्त चळवळींत भाग घेतला. पुढें १९४८ सालीं सेंट मॉरिट्झ येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत बर्फावरून घसरत उतरण्याच्या शर्यतींत त्यांनीं दोन सुवर्णपदकें आणि एक कांस्यपदक जिंकलें. उतारावर स्वतःला झोकून देण्याची त्यांची रीत पाहून लोक त्यांना वेडा म्हणत. बर्फावरील स्पर्धा सोडल्यानंतर त्यांनीं वेगाची तीच हौस मोटारींत भागविली.

नव्या गाडीचा आरंभ शुभ झाला. फ्रान्सची मोटार-प्रदक्षिणा म्हणून त्या देशांत एक मोठी स्पर्धा होत असे. तींत साधे रस्ते, घाट आणि शर्यतीचे बंदिस्त मार्ग, अशा सर्व परीक्षा अनेक दिवस चालत. १९६२ च्या प्रदक्षिणेंत श्लेसर आणि ओरेये यांच्या या गाडीनें दुसरा क्रमांक मिळविला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ७ ऑक्टोबर रोजीं, पॅरिसजवळील माँलेरी येथें शर्यत होती. गाडी त्या दिवशीं ओरेये यांच्या हातांत होती. वेगांत असतांना त्यांचा ताबा सुटला आणि त्या अपघातांत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय होतें अवघें ३६. श्लेसर यांनीं गाडी सोडली, पण शर्यत सोडली नाहीं. १९६८ च्या जुलैंत, रूआँ येथील फ्रेंच ग्रां प्रीच्या शर्यतींत, दुसऱ्या एका गाडीला अपघात होऊन तेहि मरण पावले.

मोडलेली गाडी इटलीस परत गेली आणि दुरुस्त झाली. येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि जुन्या मोटारींच्या व्यवहारांतील सर्वांत मोठा वाद या प्रश्नाभोंवतींच फिरतो. पत्रा बदलला, मोडलेल्या नळ्या कापून नव्या जोडल्या, कांचा, दारें, चाकें नवीं आलीं. मग ही गाडी तीच म्हणावी कीं दुसरी?

इंग्लंडमधील एका न्यायालयानें १९९० सालीं या प्रश्नाचा निकाल दिला आहे. तेथें वाद होता तो ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बेंटली गाडीचा. १९२९ आणि १९३० या लागोपाठच्या वर्षीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकलेली अशी तिची ख्याति. ठरलेल्या खरेदीदारानें मागाहून तक्रार केली कीं, या गाडींत त्या वेळचे भाग जवळजवळ उरलेलेच नाहींत, तेव्हां ती खरी नव्हे. न्यायाधीशांनीं तक्रार मान्य केली नाहीं. भाग वेळोवेळीं बदलले गेले हें खरें. परंतु मधल्या कोणत्याहि दिवशीं जुनी गाडी संपली आणि नवी सुरू झाली असें झालेलें नाहीं. इतिहास अखंड आहे, आणि त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडीहि जगांत नाहीं. म्हणून गाडी तीच, असा निर्णय झाला.

या निर्णयाचें मर्म सोपें आहे. वस्तूची ओळख तिच्या कणाकणांवर अवलंबून नसून ती हातोहात कशी चालत आली याच्या साखळीवर अवलंबून आहे. म्हणूनच जाणता खरेदीदार सांगाड्याचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कारखान्याच्या दप्तरांतील नोंद, शर्यतींच्या याद्या, खरेदीच्या पावत्या आणि जुनीं छायाचित्रें यांचा मेळ घालतो. अपघात झाला होता हा दोष ठरत नाहीं; अपघात लपविला गेला, तर तो दोष ठरतो. ३८५१ च्या कागदांत माँलेरीचा दिवस जसाच्या तसा नोंदलेला आहे. ती दुरुस्ती तिच्या इतिहासाचाच एक भाग झाली.

साखळीला एवढें महत्त्व येण्याचें आणखी एक कारण आहे. जेथें मोल चढतें तेथें नक्कलहि होते. या गाडीच्या आकाराच्या अनेक प्रतिकृति कुशल कारागिरांनीं केलेल्या आहेत, आणि अनभिज्ञ मनुष्याला त्यांतील खरी कोणती हें दुरून ओळखतां येणार नाहीं. २०१९ सालीं इटलींतील बोलोन्या येथील न्यायालयानें तर २५० जीटीओचा आकार ही एक कलाकृति असून तिला कलाकृतीसारखेंच कायद्याचें संरक्षण आहे, असें ठरविलें.

दुरुस्तीनंतर गाडी पाओलो कोलोंबो यांनीं घेतली. १९६३ सालीं ते ती इटलींतील घाटांच्या शर्यतींत चालवीत. या शर्यतींत गाड्या एकमेकींच्या बरोबरीनें धांवत नाहींत. एकेकीनें घाट चढावा आणि घड्याळानें निवाडा करावा, अशी पद्धत असते. पुढल्या वर्षीं गाडी एर्नेस्तो प्रिनोत यांच्याकडे आली. हे आल्प्समधील ओर्तिझेई गांवचे. १९६२ च्या इटालियन ग्रां प्रीसाठीं त्यांनीं प्रयत्न केला होता, पण पात्रता-फेरींत ते मागें पडले. त्यांची खरी कीर्ति निराळीच झाली. बर्फाळ उतार दाबून सारखे करणारीं यंत्रें त्यांनीं बनविलीं, आणि त्यांच्या नांवाचा कारखाना त्या धंद्यांत जगभर प्रसिद्ध झाला. ज्या गाडीवर बर्फावरच्या एका वीराचा अंत झाला, तीच गाडी बर्फाच्या उतारांना वळण लावणाऱ्याच्या घरीं आली. असले योगायोग कागद नीट राखलेले असले तरच कळतात.

यानंतर पडता काळ आला. शर्यतगाडीचें आयुष्य तीनचार वर्षांचें. इंजिन चालकाच्या पाठीमागें ठेवण्याची नवी पद्धत रूढ झाली, आणि पुढें इंजिन असलेली जीटीओ जुनाट ठरली. घरच्या वापराला ती सोयीची नव्हतीच. तिचा गोंगाट फार, आंत ऊन फार आणि सामानाला जागा नाहीं. त्यामुळें भाव कोसळले. १९६२ सालीं अमेरिकेंत सुमारें अठरा हजार डॉलर देऊन, तेंहि एन्झो फेरारी यांची संमति मिळाली तर, जी गाडी पदरांत पडे, ती आतां जुन्या मोटारीच्या भावानें मिळूं लागली. या जातीची एक गाडी टेक्ससमधील एका हायस्कुलाला मुलांनीं यंत्रकाम शिकावें म्हणून देऊन टाकण्यांत आली होती. पुढें तीच गाडी ओहायोंतील एका मोकळ्या जागेंत वर्षानुवर्षें ऊनपाऊस खात उभी होती. तिच्याकडे पाहून कोणाला हळहळ वाटली नाहीं, कारण ती अपूर्व वस्तु आहे हेंच कोणाच्या ध्यानांत आलेलें नव्हतें.

नेमक्या याच काळांत, १९६५ सालीं, ३८५१ ही गाडी फाब्रित्सिओ व्हिओलाती यांनीं घेतली. इटलींत फेरारेल्ले या नांवाच्या झऱ्याच्या पाण्याचा व्यापार प्रसिद्ध आहे. व्हिओलातींचें घराणें त्या व्यापारांतलें. तरुणपणीं त्यांना शर्यतींचें वेड होतें आणि घरच्यांचा त्यास सक्त विरोध होता. म्हणून ही खरेदी त्यांनीं घरांत कळूं दिली नाहीं, आणि ते गाडी रात्रीं बाहेर काढीत, अशी त्यांच्याविषयींची हकीकत सांगतात. घेतेवेळीं पुढें ही गाडी कोट्यवधींची होईल असें त्यांच्या स्वप्नांतहि नसेल. तें त्या वेळीं कोणाच्याच स्वप्नांत नव्हतें. त्यांना ती आवडली, म्हणून त्यांनीं ती ठेवली.

खरी कसोटी मागाहून आली. १४ ऑगस्ट १९८८ रोजीं एन्झो फेरारी निवर्तले आणि त्यांच्या जुन्या गाड्यांचे आधींच चढूं लागलेले भाव भडकले. थोड्याच वर्षांत ते तितक्याच वेगानें खालींहि आले. अनेकांनीं भाव चढतांच गाड्या विकल्या. अनेकांनीं चढत्या भावांत घेतल्या आणि नंतर कपाळाला हात लावला. व्हिओलातींनीं यांतलें कांहींच केलें नाहीं. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ते ही गाडी स्वतः चालवीत राहिले, आणि सान मारिनो या चिमुकल्या प्रजासत्ताकांत ‘मारानेल्लो रोस्सो’ नांवाचें संग्रहालय उभारून त्यांनीं आपल्या गाड्या लोकांना पाहावयास ठेवल्या. २०१० सालीं ते वारले. त्यानंतर संग्रह विक्रीस निघाला, आणि फेरारींच्या मृत्यूला बरोबर सव्वीस वर्षें झालीं त्याच तारखेला कार्मेलच्या मंडपांत ३८५१ क्रमांकाची बोली पुकारली गेली. गाडी एकाच घरीं ४९ वर्षें राहिली होती.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर देतां येतें. ३ कोटी ८१ लक्ष डॉलरांत यंत्राच्या सौंदर्याचा वांटा आहे, ३६ या लहान संख्येचा आहे, आणि धनाढ्यांच्या आपसांतील चढाओढीचाहि आहे. परंतु हे वांटे या जातीच्या प्रत्येक गाडीला सारखेच लागू पडतात. या एका गाडीचें स्वतःचें असें जें आहे, तें म्हणजे तिचा अखंड आणि उघडा इतिहास: चार धन्यांची नांवें, एका शूर मनुष्याचा मृत्यु, एक प्रामाणिक दुरुस्ती, आणि मोल नसतांना केलेली दीर्घ राखण.

तिचा विक्रम फार काळ टिकला नाहीं. २०१८ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतच तिच्या एका बहिणीला ४ कोटी ८४ लक्ष ५ हजार डॉलर आले, आणि २०२२ सालीं एका जर्मन मर्सिडीज गाडीनें हे सर्व आंकडे मागें टाकले. या किमतींत एक धोकाहि आहे. वस्तु इतकी महाग झाली कीं ती कुलुपांत जाते, आणि धांवण्यासाठीं जन्मलेलें यंत्र नुसतें तिजोरींतलें तारण होऊन बसतें. हा आक्षेप खोटा नव्हे. तथापि ज्यांना पैशाची अपेक्षा नव्हती अशांनीं त्या गाड्या अगोदर संभाळल्या, म्हणूनच आज बोलावयास गाड्या उरल्या आहेत, हेंहि विसरतां कामा नये.

कोट्यवधींच्या मोटारी सामान्य गृहस्थाच्या दारीं यावयाच्या नाहींत. परंतु आजोबांचें भिंतीवरचें घड्याळ, आजीचें शिवणयंत्र, कोणा नातलगाचा तंबोरा, यांपैकीं कांहींतरी बहुतेक घरांत असतेंच. तें कोठून आलें, कोणीं वापरलें, केव्हां मोडलें आणि कोणीं दुरुस्त केलें, हें ठाऊक असणारीं माणसें एकेक करून जातात, आणि मग ती वस्तु नुसती अडगळ होते. वेळींच एका कागदावर चार ओळी लिहून त्या वस्तूबरोबर ठेवल्या, तर पुढच्या पिढीला ती कोणाची होती हें विचारीत हिंडावें लागणार नाहीं.